तीनशे सभासद, एक जीबी मेमरी आणि एक मेलिंग लिस्ट

सह्याद्रीतल्या झाडाझुडपांची ओळख पटवणाऱ्या हौशी मंडळींचा हा गट आहे. सभासद तीनशेच्या आसपास. बहुतेक जण पुणे, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातले, थोडे परदेशी गेलेले. निम्मे तरी साठीच्या पुढचे. कामकाज साधं: कुणी फोटो पाठवून "हे काय असावं?" असं विचारतं, मग पानांची मांडणी, फुलोरा, फळाचा आकार यावर आठवडाभर पत्रं चालतात. व्हॉट्सॲपवरही गट आहे, पण मागच्या पावसाळ्यातली चर्चा तिथे शोधून सापडत नाही. म्हणून ईमेल टिकून आहे.

गटाची जुनी पत्रं एका फुकट सेवेवर होती. ती सेवा बंद झाली आणि पत्रंही गेली. त्यानंतर काही वर्षं गूगल ग्रुप्सवर गाडं चाललं, आणि बरं चाललं. तरी "या खेपेला पत्रं आपल्या ताब्यात हवीत" हा ज्येष्ठांचा आग्रह सुटेना. संकेतस्थळासाठी घेतलेला एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) होताच: एक कोअर, १ जीबी मेमरी, २५ जीबी डिस्क, त्यावर डेबियन लिनक्स आणि मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स. त्याची देखभाल मी फावल्या वेळात करतो. लिस्ट, म्हणजे एका पत्त्यावर लिहिलेलं पत्र सगळ्या सभासदांना पोचवणारी सोय, त्याच सर्व्हरवर बसवायची, वर्गणी वाढवायची नाही, एवढ्या दोन अटींवर काम माझ्याकडे आलं.

पहिली छाननी

मेलिंग लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी मेलमन हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं, त्यामुळे "मेलमन टाक की" हा सल्ला लगेच मिळाला. पण मेलमन दोन आहेत. २.१ ही जुनी शाखा २००२ च्या अखेरीची, पायथन २ वर चालणारी. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला आणि डेबियनने ११व्या आवृत्तीपासून मेलमन २ चं पॅकेजच काढून टाकलं. काही होस्टिंग पॅनेलांमध्ये ते अजून मिळतं. सभासदाला त्याचा पासवर्ड दर महिन्याला साध्या अक्षरांत मेलने पाठवण्याची त्याची जुनी खोड आठवली, तरी नव्या लिस्टसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये हे कळतं.

एका तरुण सभासदाने लिस्टमंक सुचवलं. झीरोधाचे सीटीओ कैलाश नाध यांनी गो भाषेत लिहिलेलं हे सॉफ्टवेअर म्हणजे एकच फाइल. पोस्टग्रेस हा डेटाबेस जोडला की चालू. काम सुरेख आहे, पण ते बातमीपत्रासाठी. एकाने लिहायचं आणि हजारोंनी वाचायचं. सभासदाने उत्तर दिलं तर ते बाकीच्या दोनशे नव्व्याण्णव जणांपर्यंत नेणं हे त्याचं काम नव्हे. पीएचपीलिस्टचंही तेच. मेलिंग लिस्ट सॉफ्टवेअर शोधताना या दोन जाती एकाच रांगेत उभ्या दिसतात आणि लोक हमखास गफलत करतात.

सिंपा फ्रान्समधल्या विद्यापीठांसाठी १९९७ पासून वाढत आलेलं, पर्लमधलं. त्याला डेटाबेस लागतो, चार-पाच डीमन, म्हणजे मागे चालणारे कार्यक्रम, सतत चालू लागतात. शेकडो लिस्ट आणि प्रत्येकीचा वेगळा मालक असेल तिथे ते शोभतं. आमच्याकडे लिस्ट एक.

मग अगदी दुसऱ्या टोकाचा विचार: सॉफ्टवेअरच नको. पोस्टफिक्सच्या एलियस फाइलमध्ये (एका नावाचं पत्र कुणाकुणाला द्यायचं याची यादी) तीनशे पत्ते लिहायचे आणि लिस्टच्या नावाआधी "ओनर-" लावून आणखी एक एलियस करायचा. तो असला की बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या पाकिटावर पाठवणारा म्हणून पोस्टफिक्स त्याचा पत्ता घालतं, आणि परत आलेली पत्रं मूळ लेखकाला न जाता आपल्याकडे येतात. वीस जणांच्या समितीला हे पुरतं. तीनशे जणांत दर महिन्याला कुणाचा पत्ता बदलतो, कुणाची पेटी भरते, कुणी "मला काढा" म्हणतं. हे सगळं हाताने करणारा माणूस फार दिवस उत्साही राहत नाही.

शेवटी मैदानात दोनच उरले: मेलमनची नवी शाखा, म्हणजे मेलमन ३, आणि एमएलएमएमजे हे छोटं लिस्ट सॉफ्टवेअर.

मेलमन ३ ची चाचणी

मेलमन ३ हे २०१५ मध्ये आलेलं पूर्ण नवं बांधकाम आहे. मधे गाभा, त्याच्याशी बोलणारं पोस्टोरियस हे व्यवस्थापनाचं पान, हायपरकिटी हा संग्रह, आणि ही दोन्ही जँगोवर. एवढं वाचूनच १ जीबीची काळजी वाटली, पण वाचनावर निर्णय घेऊ नये म्हणून तेवढ्याच मेमरीच्या दुसऱ्या यंत्रावर ते बसवून पाहिलं.

गाभ्यातलं प्रत्येक काम वेगळी प्रक्रिया करते. आलेलं पत्र घेणारी एक, बाहेर पाठवणारी एक, परत आलेली पत्रं पाहणारी एक, डायजेस्ट (अनेक पत्रांचा एक गठ्ठा) बांधणारी एक, अशी डझनभर तरी पायथन मंडळी कायम बसून असतात, आणि काम असो नसो, प्रत्येकीची मेमरी वेगळी. त्यावर जँगोचा सर्व्हर, त्यावर हायपरकिटीच्या मागची कामं उरकणारे कामगार, त्यावर शोधासाठी अनुक्रमणिका. पत्र एकही नसताना यंत्र स्वॅपवर गेलं, म्हणजे मेमरी अपुरी पडून डिस्क वापरू लागलं. संकेतस्थळही त्याच सर्व्हरवर असल्याने मेमरी संपल्यावर लिनक्सचा कर्नल कुठल्या कार्यक्रमाचा बळी घेईल हे सांगता येत नाही. बहुतेकदा तो डेटाबेसचा असतो.

यात मेलमन ३ ला नावं ठेवण्यासारखं काही नाही. ४ जीबीचं यंत्र, पाच-दहा लिस्ट आणि ब्राउझरमधून काम पाहणारे वेगवेगळे नियंत्रक असते तर मी तेच घेतलं असतं. त्याचा संग्रह शोधण्याजोगा आहे आणि डीमार्क या खोटा प्रेषक रोखणाऱ्या नियमावरचे उपाय त्यात तयार मिळतात. हे डीमार्क मधे आल्यावर मात्र प्रश्नच बदलला. तोपर्यंत आम्ही मेमरी मोजत होतो. लिस्ट हातात आलेल्या पत्राचं काय करणार, हे त्याआधीच ठरवायला हवं होतं.

पत्राला हात लावायचा की नाही

जुन्या सवयीप्रमाणे सभासदांना तीन गोष्टी हव्या होत्या. विषयाच्या सुरुवातीला चौकटी कंसात गटाचं नाव. पत्राच्या तळाला "बाहेर पडायचं असल्यास" वगैरे मजकूर. आणि नुसतं उत्तर दिलं की ते सगळ्यांना जावं, म्हणजे प्रत्येक पत्रात लिस्टच्या पत्त्याचा रिप्लाय-टू (उत्तर कुठे जावं ते सांगणारी शीर्षओळ). तिन्ही मागण्या निरुपद्रवी वाटतात. २०१४ पर्यंत त्या होत्याही.

एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी डीमार्कचं धोरण "नाकारा" असं केलं. त्याचा अर्थ असा: याहूचा पत्ता लावून आलेलं पत्र खरोखर याहूनेच पाठवलंय हे एसपीएफ (डोमेनची पत्रं कुठल्या सर्व्हरने पाठवावीत याची यादी) किंवा डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) यांपैकी एकाने तरी सिद्ध व्हावं, नाहीतर घेणाऱ्या सर्व्हरने ते परत करावं. लिस्टमधून गेलेल्या पत्राच्या पाकिटावर लिस्टचा पत्ता असतो, त्यामुळे एसपीएफचा पुरावा लेखकाच्या डोमेनशी जुळत नाही. उरते डीकेआयएमची सही. ती पत्राचा मजकूर आणि निवडक शीर्षओळी यांवर केलेली असते. विषयात एक कंस वाढवला की सही मोडली. तळाला एक ओळ जोडली की मोडली.

आणि यातली मोठी गंमत अशी की नुकसान भलत्याचंच होतं. पत्र याहूवाल्याने लिहिलं, ते परत केलं जीमेलने, आणि लिस्ट सॉफ्टवेअरच्या वहीत नोंद झाली की "या जीमेल सभासदाची पेटी चालत नाही". अशा काही नोंदी झाल्या की निष्पाप सभासद लिस्टबाहेर. २०१४ मध्ये जगभरच्या लिस्टांवर हेच झालं आणि मेलमनमधली प्रेषक बदलण्याची सोय पुढे आली: पत्र लेखकाच्या पत्त्यावरून न दाखवता लिस्टच्या पत्त्यावरून दाखवायचं, नाव तेवढं लेखकाचं ठेवायचं.

आमच्याकडे ही सोय मला नको होती. आमच्या पत्रांत लोक एकमेकांना फोन नंबर देतात, "रविवारी घरी या, रोप देतो" असं लिहितात. सगळ्यांची पत्रं एकाच पत्त्यावरून येऊ लागली की फोनच्या पत्तेवहीत कुणाचंही नाव लिस्टच्या पत्त्याला चिकटतं, आणि एकट्याला लिहिलेलं खासगी पत्र तीनशे जणांत जातं.

दुसरा मार्ग एकच: पत्राला हातच लावायचा नाही. जसं आलं तसं पुढे द्यायचं, म्हणजे लेखकाच्या सर्व्हरची सही शाबूत राहते आणि डीमार्कची तक्रार उरत नाही. याची किंमत म्हणजे वरच्या तिन्ही मागण्यांना नकार.

विषयातल्या कंसाचा नकार लगेच पचला. लिस्टची ओळख सांगणारी लिस्ट-आयडी ही शीर्षओळ २००१ पासून प्रमाणित आहे आणि जीमेलमध्ये तिच्यावरून चाळणी लावता येते. तळटीपेचा प्रश्न मराठीनेच सोडवला. देवनागरी मजकुराची पत्रं बरेच मेल कार्यक्रम बेस६४ मध्ये (साध्या इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक रूपात) गुंडाळून पाठवतात. एमएलएमएमजेची तळटीप जोडण्याची पद्धत भाबडी आहे. ती पत्राच्या कच्च्या मजकुराच्या शेवटी ओळी चिकटवते. साध्या इंग्रजी पत्राला ते चालतं, बेस६४ च्या पत्रात त्या ओळी एकतर नाहीशा होतात किंवा कचरा दिसतो. मेलमन हुशारीने वेगळा भाग जोडतं, पण काही मेल कार्यक्रमांत तो भाग जोडलेल्या फाइलसारखा दिसतो आणि "ही फाइल कसली, व्हायरस तर नाही ना?" अशी विचारणा सुरू होते. बाहेर पडण्याचा पत्ता लिस्ट-अनसबस्क्राइब या शीर्षओळीत टाकला आणि तळटीप सोडून दिली.

रिप्लाय-टू वर मात्र खरी जुंपली. एक निवृत्त प्राध्यापिका, आमच्या मावशी, गटातल्या सर्वांत जुन्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "अरे, पूर्वी उत्तर दिलं की सगळ्यांना जायचं. आता अर्धी उत्तरं एकट्यालाच जातील आणि चर्चा मरेल." आक्षेप बरोबर होता. पण रिप्लाय-टू वाढवल्याने सही मोडते का, यावर अनेक मार्गदर्शिका गप्प असतात, म्हणून तपासून पाहिलं. याहू आणि जीमेल सही करताना ज्या शीर्षओळींची नावं सहीत गुंफतात त्यांत रिप्लाय-टू येतं, पत्रात ती ओळ मुळात नसली तरी. म्हणजे "ही ओळ नव्हती" यावरही सही असते. नंतर कुणी ती घातली की सही खोटी ठरते. चाचणीच्या लिस्टवर याहूच्या पत्त्यावरून पत्र टाकलं आणि जीमेलमध्ये त्याचं मूळ रूप उघडलं. रिप्लाय-टू नसताना डीकेआयएम आणि डीमार्क दोन्ही पास. ती एक ओळ वाढवली की दोन्ही नापास.

हे पाहिल्यावर मावशींनी आग्रह सोडला, पण अट घातली की सगळ्यांना उत्तर देण्याची सवय लावून द्यायची जबाबदारी माझी. जीमेलच्या सेटिंगमध्ये उत्तराचं मूळ बटणच "सर्वांना उत्तर" करता येतं, अँड्रॉइडच्या ॲपमध्येही. त्याची चित्रं काढून एक पान केलं आणि पहिल्याच पत्राबरोबर पाठवलं. काही जण अजूनही एकट्याला उत्तर देतात. मग मूळ प्रश्न विचारणारा ते पुढे ढकलतो. चर्चा मेलेली नाही.

एमएलएमएमजे कसं बसलं

वरचा निर्णय झाल्यावर सॉफ्टवेअरची निवड आपोआप झाली. पत्राला हात न लावणारी लिस्ट हवी असेल तर मेलमन ३ ची निम्मी यंत्रसामग्री आपल्याला लागतच नाही. एमएलएमएमजे सी भाषेत लिहिलेलं आहे, घडण इझीएमएलएम या जुन्या लिस्ट सॉफ्टवेअरच्या वळणाची, आणि त्याचा एकही डीमन कायम चालत नाही. पत्र आलं की पोस्टफिक्स त्याचा छोटा कार्यक्रम उठवतं, तो काम करून निघून जातो. दोन तासांनी एकदा क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) झाडलोट. विश्रांतीच्या वेळी त्याची मेमरी शून्य. हे खेळणं नाही, याची खात्री हवी असलेल्यांसाठी: जेंटू आणि फ्रीबीएसडी या संगणक प्रणालींच्या लिस्ट यावर आहेत, आणि लिनक्स कर्नलच्या व्हीगर सर्व्हरवरच्या लिस्टाही मेजरडोमो हे जुनं सॉफ्टवेअर सोडून याच्यावर आल्या.

सगळी मांडणी फाइलींत. लिस्टच्या फोल्डरमध्ये कंट्रोल नावाचं फोल्डर, आणि त्यात एका नावाची रिकामी फाइल ठेवली की ती सोय चालू, काढली की बंद. डेटाबेस नाही, त्यामुळे बॅकअप म्हणजे फाइलींची नक्कल करणारी एक आरसिंक आज्ञा. प्रत्येक पत्र संग्रहाच्या फोल्डरमध्ये क्रमांकाच्या नावाने पडतं: १, २, ३. "पत्रं आपल्या ताब्यात" या आग्रहाला यापेक्षा सोपं उत्तर मला सुचत नाही. वर्षाअखेरीला ती एकत्र करून ज्यांना हवी त्यांना देता येतात आणि थंडरबर्डमध्ये उघडून शोधता येतात. उघड्या इंटरनेटवर संग्रह ठेवला नाही, कारण पत्रांत लोकांचे पत्ते आणि फोन आहेत. शिवाय दुर्मिळ रोपांची नेमकी जागा जगजाहीर होऊ नये हे या गटात सगळ्यांना कळतं.

सभासद नसलेल्याचं पत्र आलं तर त्याला नकाराचं पत्र पाठवण्याची मूळ पद्धत बंद केली. स्पॅममधला प्रेषक खोटा असतो आणि आपलं नकारपत्र कुणा तिऱ्हाइताच्या पेटीत जाऊन आपल्याच सर्व्हरचं नाव खराब करतं. त्याऐवजी अशी पत्रं दोघा नियंत्रकांकडे मंजुरीला जातात. मेलला उत्तर दिलं की मंजूर. सभासदत्व पक्कं करणारी पत्रं मराठीत लिहून घेतली. हे मजकूर यूटीएफ-८ मध्ये ठेवायचे असतात, त्यामुळे देवनागरीची अडचण आली नाही.

आता फोटो. या गटात हाच खरा भार. फोनचा फोटो सहज ४ एमबीचा असतो, मेलमध्ये जाताना बेस६४ मुळे एक तृतीयांश फुगून ५.४ एमबीच्या आसपास होतो. एमएलएमएमजे मुळात प्रत्येक सभासदासाठी वेगळी प्रत पोस्टफिक्सच्या हवाली करतं. तीनशे प्रती म्हणजे रांगेत एका पत्राचे १.६ जीबी. समोरच्या सर्व्हरने "थोड्या वेळाने या" म्हटलं आणि तोवर तसे दहा फोटो आले, तर २५ जीबीच्या डिस्कचं काय होईल ते उघड आहे. यावर दोन उपाय केले. एक, "व्हर्प" या नावाच्या कंट्रोल फाइलमध्ये "पोस्टफिक्स" हा शब्द लिहिला. मग प्रत्येकाचा वेगळा परतीचा पत्ता बनवण्याचं काम पोस्टफिक्सकडे जातं आणि एमएलएमएमजे शंभर-शंभर सभासदांसाठी एकेक प्रत देतं. तीनशेच्या तीन प्रती झाल्या. दोन, पत्राची कमाल मर्यादा दीड एमबी ठेवली. डिस्कचा प्रश्न सुटला तरी बाहेर जाणारा डेटा तीनशेपटच राहतो, आणि ओळख पटवायला लहान केलेला फोटो बहुतेकदा पुरतो. पानाखालची लव पाहायची असेल तर लेखक मोठ्या फोटोचा दुवा देतो.

बाहेर जाण्याची परवानगी

सॉफ्टवेअर कुठलंही घेतलं तरी चुकत नाही असा हा भाग, म्हणून थोडक्यात. व्हीपीएस देणाऱ्या बऱ्याच कंपन्या २५ क्रमांकाचं, म्हणजे मेल पाठवण्याचं, पोर्ट सुरुवातीला बंद ठेवतात. ते उघडून मिळेल का हे आधी विचारावं, कारण उत्तर नकारार्थी असलं तर बाकीची मेहनत फुकट. आयपीची उलटी नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) सर्व्हरच्या नावाशी जुळती हवी, आयपीव्ही६ वापरत असाल तर त्याचीही. लिस्टसाठी वेगळं उपडोमेन, त्याचा एसपीएफ, आणि ओपनडीकेआयएमने आपली स्वतःची सही. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. गूगलची रेषा जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला सुमारे ५००० पत्रांची आहे. तीनशे सभासद आणि दिवसाची दहा पत्रं धरली तरी आम्ही ३००० वर थांबतो.

नव्या आयपीवरून एकदम तीनशे पत्रं सुटली की मोठे सर्व्हर संशयाने पाहतात. म्हणून सभासद टप्प्याटप्प्याने आणले, आधी जास्त लिहिणारे, मग वाचणारे.

खटकणाऱ्या गोष्टी

ब्राउझरमधून लिस्ट चालवायची सवय असलेल्यांना हे आवडणार नाही. एमएलएमएमजेबरोबर पीएचपीचं एक पान येतं, पण ते आम्ही उघडं ठेवलं नाही. म्हणजे मांडणी बदलायची तर एसएसएच (सर्व्हरला दुरून आज्ञा देण्याची सोय) लागतं, आणि एसएसएच सध्या मला आणि आणखी एका सभासदाला येतं. त्याच्यासाठी दोन पानांची टिपणी करून ठेवली आहे.

डायजेस्टची सोय आहे, पण काही मेल कार्यक्रमांत त्यातलं प्रत्येक पत्र जोडलेल्या फाइलसारखं दिसतं, त्यामुळे फोनवर वाचणाऱ्यांना ते नकोसं होतं. जीमेलवाले विचारतात, "माझं पत्र गेलं का? मला परत आलं नाही." आपणच पाठवलेल्या पत्राची लिस्टमधून परत आलेली प्रत जीमेल इनबॉक्समध्ये दाखवत नाही. हे प्रत्येक नव्या सभासदाला सांगावं लागतं.

आणि एक अडचण या पद्धतीला सुटतच नाही. एका सभासदाच्या कार्यालयाच्या डोमेनने डीमार्कचं धोरण "नाकारा" ठेवलंय, पण पत्रांवर डीकेआयएमची सहीच नाही. सगळा भरवसा एसपीएफवर. थेट पाठवलेलं त्यांचं पत्र कुठेही पोचतं, लिस्टमधून गेलेलं जीमेल नाकारतं. इथे प्रेषक बदलणारं मेलमन ३ उजवं ठरलं असतं. एकासाठी तीनशे जणांची पद्धत बदलायची नाही, असं ठरलं. त्यांनी घरचा पत्ता नोंदवला आणि कार्यालयाच्या संगणक विभागाला सही लावण्याबद्दल पत्र लिहिलं. त्या विभागाचं उत्तर अजून आलेलं नाही.